तळ्याच्या काठी अडलेली दुपार

देवावर माझा कधी राग नव्हता, पण त्याच्याशी माझं काही कामही पडलेलं नव्हतं. मी मोजणी खात्यातला माणूस. सारी नोकरी बुलढाण्याच्या पठारावर आणि खालच्या गावांतून शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. दोन भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करायचे आणि माझी साखळी जमिनीवर पडली की गप्प व्हायचे. जे मोजता येतं त्यावर विश्वास ठेवायचा आणि जे मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही, अशी माझी रीत होती. घरात देवघर होतं, ते घरच्यांचं. दर मंगळवारी आमची ही कमळजामातेच्या नावानं उपास करायची. मी फराळाच्या ताटात वाटेकरी व्हायचो, एवढाच माझा परमार्थ.

पेन्शनीत निघाल्यावर आम्ही लोणारला राहायला आलो. हिचं माहेर तिथलं. मोजायची सवय मात्र सुटेना, म्हणून मी एक छंद लावून घेतला. लोणारचं तळं एका भल्यामोठ्या कटोऱ्याच्या तळाशी आहे. भोवताली चारशे फुटांहून उंच कडा आणि उतारावर रान. पाणी खारट, हिरवट, उग्र वासाचं. त्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. तरीही ते कधी चढतं, कधी उतरतं. काठावर कमळजामातेचं देऊळ आहे आणि थोडं अलीकडे एक दुसरं, पडकं देऊळ, त्याचे खांब अर्धे चिखलात रुतलेले. त्यातल्या एका खांबावर मी रंगानं खुणा केल्या होत्या आणि दर पुनवेला खाली उतरून पाणी कुठल्या खुणेला आहे ते वहीत लिहून आणत होतो. पाच वर्षांत एक पुनव चुकली नव्हती. गावातले लोक हसायचे. "साहेब, तळं कोनाच्या नावावर चढवता?" असं विचारायचे. मीही हसायचो. पण खरं सांगतो, ती वही हातात असली की मला वाटायचं, या जगात निदान एक गोष्ट तरी माझ्या नजरेखाली आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. लघवीचा त्रास मला वर्षभर आधीपासून होता. उठावं, जाऊन उभं राहावं, थेंबथेंब व्हावी, परत अंथरुणात येऊन पडतो न पडतो तोच पुन्हा उठावं. पण ही बाब अशी की बायकोलाही सांगायची लाज वाटते. मी पाणी पिणं कमी केलं आणि हा वयाचा भाग आहे अशी स्वतःची समजूत घातली. गणपतीच्या दिवसांत एके सकाळी सगळंच बंद झालं. दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताणलं. मोजणी करणारा मी भिंतीला डोकं लावून लहान लेकरासारखा रडत होतो. गावातल्या दवाखान्यातले कंपाउंडर रहीमभाई यांनी घरी येऊन नळी घातली आणि मला जीपमध्ये घालून अकोल्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची गाठ वाढल्याचं सांगितलं. मूत्रपिंडांवर ताण आला होता, म्हणून काही आठवडे नळीवरच ठेवून दसऱ्यानंतर ओटीपोट उघडून गाठ काढली. दिवाळी मी दवाखान्याच्या खाटेवर काढली. खाटेला एक बाटली लटकायची आणि तिच्यातलं पाणी लाल आहे की गुलाबी, की आता पिवळसर होत चाललंय, यावर माझी सकाळ ठरायची. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी प्या. तीन महिने ओझं उचलायचं नाही, चढ-उतार करायचा नाही. आतली जखम बाहेरून दिसत नाही, हे लक्षात ठेवा."

घरी आलो, पण मी पूर्वीचा राहिलो नव्हतो. धोतराला डाग पडेल म्हणून ओसरीवर कोणाशी बसत नव्हतो. पोटावरचा व्रण भरून आला होता, पण मनात एक भीती घर करून बसली होती: पुन्हा अडलं तर? दर वेळी मोरीत जाताना छातीत धडधडायचं. अंग आखडून घेऊनच मी उभा राहायचो. झोपेतसुद्धा मुठी वळलेल्या असतात, असं ही सांगायची. रहीमभाई दर दोन-तीन दिवसांनी यायचे. म्हणायचे, "साहेब, जखम तो भर गई. अब डर का घाव भरना बाकी है." मी त्यांना हसून उडवून लावायचो.

या सगळ्यात भाद्रपद, आश्विन आणि कार्तिक अशा तीन पुनवा हुकल्या. वहीतल्या त्या तीन कोऱ्या ओळी मला दुखायच्या. सांगायलाही लाज वाटते, पण पोटावरच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखायच्या.

मार्गशीर्षातली पुनव आली. दत्तजयंती. गावातल्या दत्ताच्या देवळात संध्याकाळी जन्म आणि मग महाप्रसाद असायचा. ही साडेअकराच्या सुमारास पुऱ्या लाटायला म्हणून निघाली. जाताना पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी ठेवून म्हणाली, "पाणी पेत राहा. कुठं उठून जाऊ नका. मी चारपर्यंत येते." मी हो म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. त्या क्षणापर्यंत माझ्या मनात कुठं जायचं म्हणून नव्हतंच. ती गेली, घर शांत झालं आणि खुंटीवरच्या पिशवीतली वही मला दिसली. बस, एवढंच. मी दाराला कुलूप लावलं आणि काठी टेकत तळ्याच्या वाटेला लागलो.

उतरताना काही झालं नाही. हळूहळू, थांबत थांबत गेलो. पण अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं की रानात आवाज नाही. त्या उतारावर एरवी वानरं असतात, मोर ओरडतात, झाडाझाडावर पाखरांचा कालवा असतो. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं. सारं गाव वर देवळात होतं, हे खरं. पण पाखरांना दत्तजयंतीचं काय? माझ्या काठीचा टकटक आवाज मला दोनदा ऐकू येत होता. एकदा माझ्या पायाशी आणि एकदा थोडा पुढे, खालच्या वळणावर, जणू कोणी माझ्या आधी उतरत होतं. मी थांबलो की तोही थांबायचा. कड्यावरून आवाज परततो, अशी मनाची समजूत घालून मी चालत राहिलो.

खांबापाशी पोचलो. वाकून खूण पाहिली, वही मांडीवर घेतली आणि त्याच वेळी पोटात आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. झाडाआड गेलो. आधी रक्त आलं, गडद लाल. मग एक गाठ सरकल्यासारखी वाटली, आणि मग काहीच नाही. कितीही जोर केला तरी थेंब नाही.

भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. घरून निघण्याआधी मी तांब्याभर पाणी प्यालो होतो. ते पाणी आता आत साचत होतं. वर चारशे फूट चढ आणि मला उभंही राहता येईना. खांबाला टेकून मी खाली बसलो. काही वेळानं, तो तास होता की दोन ते मी सांगू शकत नाही, पोट पुन्हा तसंच ताणलं. अंगाला घाम सुटला. समोरचं हिरवं पाणी इतकं स्थिर होतं की ते पाणी वाटत नव्हतं, मिटलेला डोळा वाटत होता.

मी ओरडलो, "कोणी आहे का?" आवाज पलीकडच्या कड्यावर गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला, "...आहे का?" पुन्हा ओरडलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओरडण्यासाठी मी श्वास घेत होतो, तोंड उघडलं नव्हतं, तोच पलीकडून माझ्याच आवाजात फक्त एवढं आलं,

"आहे."

तो मागच्या हाकेचाच उरलेला तुकडा असेल. असेलही. मी पुन्हा ओरडलो नाही.

"ओरडू नको, बाप्पा," डाव्या बाजूनं कोणी बोललं. "इथचं ओरडणं वर जात नाई. गरगर फिरते अन् मंग खालीच येते."

एक म्हातारी बाई पडक्या पायरीवर उभी होती. विटकं हिरवं लुगडं, हातात पितळी चरवी. चेहरा काळासावळा, सुरकुतलेला. तळ्याकाठचा खार गोळा करणाऱ्या बायांचा असतो तसाच. मी तिला येताना पाहिलं नव्हतं, तिच्या पावलांचा आवाजही ऐकला नव्हता. तिनं माझ्या मांडीवरच्या वहीकडे नजर टाकली.

"तीन खेपा आला नाईस," ती म्हणाली. "भादव्यात पानी चार बोटं चढलं व्हतं. कोजागरीले तितकंच राह्यलं. कार्तिकात दोन बोटं उतरलं."

तेवढ्या दुखण्यातही मी मान वळवून खांबाकडे पाहिलं. पाणी उतरलं की दगडावर खाराची पांढरी रेघ राहते. रेघा होत्या. ती म्हणाली तिथंच. ज्याला नजर आहे त्याला त्या वाचता आल्या असत्या, हे मी नाकारत नाही. पण पाच वर्षांत त्या वाचणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी मला भेटला नव्हता.

"माझं अडलंय, बाई," मी कसाबसा म्हणालो. "ऑपरेशन झालंय. वरून कोणाला तरी बोलवा."

तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्याजवळ येऊन बसली, चरवी पुढं केली. "हे पे."

"नको. आत जागा नाही. पाण्यानंच मी मरतोय."

"पे म्हनलं ना."

पाणी देवीच्या देवळाजवळच्या गोड्या झऱ्याचं असावं. थंडगार होतं. मी दोन घोट घेतले. उरलेलं तिनं माझ्या मानेवर, पाठीवर हळूहळू ओतलं. मग तिनं आपला कोरडा, खरखरीत तळहात माझ्या वळलेल्या मुठीवर ठेवला.

"काऊन धरून ठेवलं एवढं?"

"मी नाही धरलं," मी म्हणालो. "तेच अडलंय."

"तूच धरलं, बाप्पा. सारं धरलं. हे तळं बी धरलं व्हतं." ती हसली नाही, रागावलीही नाही. "तुह्या मोजण्यानं ते चढते का उतरते? सोड आता. जे आत हाय ते तुहं नाई."

मी तिच्याशी वाद घालणार होतो, पण पोटातली कळ वर चढत आली. समोर देवीच्या देवळाचा कळस झाडांतून दिसत होता. इतक्या वर्षांत मी तिथून शेकडो वेळा गेलो असेन, पण आत गेलो असेन तर हिच्यासोबत, चपलांची राखण करायला. त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "आई, माझ्यानं होत नाही. तू बघ." मी ठरवून म्हटलं नाही. देवीला म्हटलं, समोरच्या बाईला म्हटलं की चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या आईला, ते मला आजही ठरवता येत नाही. पण म्हटलं, आणि माझ्या मुठी उघडल्या. खांदे पडले. कधीची आवळून धरलेली कंबर सैल झाली. मी रडत होतो, आणि रडता रडताच आतली गाठ निसटली.

काय सुख होतं ते, हे अडलेल्यालाच कळेल. आधी काळं रक्त, मग लाल, मग पाणी. धोतर भिजलं, जमीन भिजली आणि एका परक्या बाईसमोर हे होतंय याची मला तिळभर लाज वाटली नाही. तिनं तोंड तळ्याकडे फिरवलं होतं.

"चाल," थोड्या वेळानं ती म्हणाली. "ऊन हाय तवर वर जा."

"तुम्ही कोणाकडच्या?"

"गुरवाच्या घरची," एवढंच बोलून ती पुढं झाली.

ती वीस-पंचवीस पावलं पुढं चालत होती. वळणावर दिसेनाशी व्हायची, पण दगडावर जोडव्यांचा बारीक आवाज यायचा. मी दम खायला थांबलो की तो आवाज थांबायचा. मी उठलो की पुन्हा सुरू व्हायचा. अर्ध्याहून अधिक चढ मी त्या आवाजामागे चढलो. मग एका वळणावर आवाज एकदम बंद झाला, आणि समोरून धापा टाकत रहीमभाई आले.

"या अल्ला! साहेब, तुम्ही खरंच खाली?" त्यांनी मला बगलेत धरलं.

"ती बाई कुठं गेली? तुम्हाला आत्ताच भेटली असेल."

"कोनी नाई भेटलं. मी सीधा याच रस्त्यानं येऊन राह्यलो." त्यांनी माझ्या धोतरावरचं रक्त पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "सकाळी दवाखाना उघडला तवाच एक म्हातारी आली व्हती. म्हने, मोजनीवाले साहेब खाली अडकून बसले, त्याहिले घेऊन ये. मले वाटलं, येडी हाय. साहेब तो घर में सोये होंगे. पर दिल को चैन नाई. दुपारी घरी गेलो तं कुलूप."

मी तिथंच खाली बसलो. दवाखाना आठला उघडतो. आठ वाजता मी घरी अंथरुणावर पडून होतो, ही माझ्या पायाला तेल चोळत होती आणि तळ्यावर जायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

मला पुन्हा अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी आत धुऊन काढलं, चार दिवस नळी ठेवली आणि मला असं झापलं की शेजारच्या खाटेवरचे पेशंट उठून बसले. मी काठावर घडलेलं त्यांना सांगितलं नाही. गाठ आपोआप निघून गेली, एवढंच सांगितलं. "नशीब समजा. दर वेळी निघत नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं.

बरा झाल्यावर मी लुगडं आणि खण घेऊन देवीच्या गुरवाच्या घरी गेलो. माझं बोलणं ऐकून गुरव गोंधळला. "साहेब, आमच्या घरात बाया दोनच. माही बायको, ते त्या दिवशी दत्ताच्या देवळात पुऱ्या तळत व्हती. अन् दुसरी माही आत्या. ते तर तीन सालापासून खाटेवर हाय. हगनं-मुतनं सारं जागेवर."

मी आत गेलो. अंधाऱ्या खोलीत खाटेवर एक मूठभर देह पडला होता. चेहरा? मी खूप निरखून पाहिला. तो चेहरा नव्हता. नसावा. डोळ्यांत फूल पडलेलं, हात काटक्यांसारखे. मी लुगडं तिच्या पायाशी ठेवलं आणि नमस्कार केला. गुरव सांगत होता की आत्याला बोलून महिना झाला, माणसंही ओळखत नाही. मी वळणार तोच ती पुटपुटली. गुरवाला वाटलं पाणी मागतेय, तो वाटी घेऊन वाकला. पण मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

"पानी सुटलं?"

"हो, आई," मी म्हणालो. "सुटलं."

त्याच महिन्यात ती गेली. तिला खांदा द्यायला मी होतो.

हे मी वर्षभर कोणाला सांगितलं नाही, हिलाही नाही. शेवटी एका मंगळवारी सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल किंवा हात जोडेल. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. म्हणाली, "मंग? लेकरू अडलं तर माय येनार नाई तर कोन येईन? तुमीच तिले कधी हाक नाई मारली."

कोण आली होती, ते मला माहीत नाही. रानात सरपण वेचायला येणाऱ्या बाया असतात, आडवाटाही असतात, आणि रहीमभाईंना सकाळी भेटलेली बाई वेगळी असू शकते. हे सारं मी स्वतःशी बोलून पाहिलं आहे. पण एकेक तुकडा जोडून हद्द आखायला गेलो की रेघ कुठंतरी उघडीच राहते. पूर्वी मी ती ओढूनताणून जुळवली असती. आता तशीच राहू देतो.

पुढच्या वर्षी तपासणीसाठी अकोल्याला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर रोहिणखेडकडचे एक गृहस्थ बसले होते, माझ्याच वयाचे, त्याच ऑपरेशनसाठी आलेले. सोबतचा मुलगा औषधं आणायला गेलेला. ते दोन्ही हातांनी बाकाची कड इतकी घट्ट धरून बसले होते की नखं पांढरी पडली होती. माझं नाव पुकारलं गेलं, तरी मी उठलो नाही. मी त्यांच्याजवळ सरकलो आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. ते चमकून म्हणाले, "तुमी कोन? कोनी धाडलं तुमाले?"

त्यांना आत नेईपर्यंत मी तसाच बसून राहिलो. तेव्हा मनात आलं, पाठवणारा वेगळा असतो आणि जाणारा वेगळा. जाणाऱ्याला कदाचित ठाऊकही नसतं की त्याला कोणी पाठवलंय. त्यानं फक्त जायचं असतं. दार लागताना त्या गृहस्थांनी स्ट्रेचरवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे हात छातीवर उघडे होते.